खंडेनवमीनंतरच्या हिरव्या रेघा

माझं डोकं पटकन तापतं. आई म्हणते, हे बाबांच्या घराण्यातून आलंय. बाबा म्हणतात, छे, हे तिच्या माहेरून, लासलगावहून, कांद्याच्या ट्रॅक्टरमधून आलं. कुठून का आलेलं असेना, गेल्या वर्षी टीव्ही कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या मुलामुलींनी ते पोटभर अनुभवलं. पण टीव्हीचं सांगायच्या आधी बाबांच्या हाताचं सांगायला हवं, कारण खरी काळजी त्याची होती.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेला भाग मोजायचा, उजेडात फिरवून बघायचा, बरोबर असेल तरच सही करायची, नाहीतर बाजूला काढायचा. आयुष्यभर हेच. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघींनी, म्हणजे आईनं आणि मी, त्यांच्याकडून एकेक काम काढून घेतलं. आधी स्कूटर गेली. मग घरची दाढी. मग गॅसवर चहा ठेवणं. दर वेळी काहीतरी सांडायचं नाहीतर लागायचं, आई म्हणायची, "राहू द्या हो, मी करते," आणि ते काम त्यांचं राहायचं नाही. बाबा वाद घालत नसत. नुसते गॅलरीत जाऊन उभे राहत. मला ते बघवत नसे, पण काम परत द्यायची हिंमतही होत नसे.

शेवटी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, खंडेनवमीची पूजा. कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची, आणि बाबांनी ती रीत घरात आणली होती. आमच्याकडे शिलाई मशीन, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, खाली उभी असलेली स्कूटर, बाबांचा मापं घ्यायचा जुना कॅलिपर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. जे वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस नमस्कार करायचा, एवढंच त्यामागचं शास्त्र. आईनं मला बजावून ठेवलं होतं की या पूजेत तू नाक खुपसायचं नाहीस. आणि बाबांनाही पक्कं ठाऊक होतं की इथे काही सांडलं तर हेही जाणार.

गेल्या वर्षी टीव्ही नवा होता. जुन्याला कपाळ होतं, चांगलं रुंद, तिथे टिळा छान बसायचा. या नव्याला कडाच नाहीत, नुसती काच. बाबांनी बराच वेळ बघून खालच्या काळ्या पट्टीवर हळदकुंकू लावलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात पुरणाशी झगडत होते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला संध्याकाळी, आपट्याची पानं वाटून येऊन टीव्ही लावला, तर पडद्याच्या उजव्या बाजूला वरून खालपर्यंत एक हिरवी रेघ. आठवडाभरात तिच्या शेजारी आणखी दोन-तीन आल्या आणि त्यांच्यामधला भाग काळवंडला. बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा गायब. आईच्या मालिकेतली सासू उजवीकडे गेली की नाहीशी व्हायची. आई म्हणाली, बरंच झालं.

वॉरंटी होती, म्हणून मी फोन लावला. आधी गाणं. मग गाण्यानंतर एक मुलगी, फार गोड आणि फार पुस्तकी मराठीत.

"मॅडम, कृपया टीव्हीचा प्लग काढून पुन्हा लावून पाहाल का?"

पाहिलं. रेघा तिथेच. मग तिनं फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं. केलं. रेघा तिथेच राहिल्या, पण टीव्ही तमिळमध्ये बोलायला लागला. मेनूतलं अक्षर कळेना, त्यामुळे भाषा बदलायची कुठे तेही कळेना. बाबांनी कुठल्याशा चक्राच्या चित्रावर बोट ठेवून अंदाजानं एकेक बटण दाबलं आणि तासाभरानं त्याला मराठीत आणलं. मी पुन्हा फोन केला. या वेळी मुलगा होता. त्याला पहिल्या मुलीचं काही माहीत नव्हतं.

"मॅडम, कृपया टीव्हीचा प्लग काढून..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीव्हीचा कुठल्या द्रव पदार्थाशी संपर्क आला होता का?"

हा प्रश्न प्रत्येक फोनला यायचा आणि प्रत्येक वेळी मी तितक्याच तोऱ्यात सांगायचे, "अहो, आम्ही काय टीव्हीला आंघोळ घालतो का? पाण्याचा थेंब नाही लागलेला." बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले असायचे. फोन संपेपर्यंत थांबायचे आणि मग उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, माझ्या आरडाओरड्याला कंटाळून जातात.

मग कंपनीनं व्हिडिओ मागितला. त्यात रेघाही दिसायला हव्यात आणि मागच्या लेबलावरचा क्रमांकही, आणि तेही मध्ये न थांबवता. आमचा टीव्ही भिंतीवर बसवलेला. रेघा पुढे, लेबल मागच्या फटीत. मी फोनवर म्हटलं, "माणसाचं तोंड आणि पाठ एका फोटोत येते का?" पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ही प्रक्रिया आहे."

तोडगा बाबांनी काढला. दाढीचा आरसा त्यांनी टीव्हीमागच्या फटीत धरला, म्हणजे मी रेघांवरून फोन फिरवत बाजूला नेला की आरशात लेबल दिसेल. कल्पना एक नंबर होती. पण आरसा बाबांच्या हातात होता आणि हात ऐकेना. लेबल आरशात थुईथुई नाचत होतं. बाबांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, तरी तेच. शेवटी आई कणकेच्या हातानं आली आणि तिनं त्यांचं कोपर धरलं. तिघांनी मिळून कसाबसा व्हिडिओ काढला. बाबा त्या दिवशी किती खूश होते. चहा पिताना मला म्हणाले, "जमलं की नाही?"

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. आरशामुळे क्रमांक उलटा दिसत आहे, कृपया व्हिडिओ पुन्हा पाठवा. त्यामागोमाग दुसरा निरोप, तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी कपाळावर हात मारला. आई हसून हसून खुर्चीत बसली.

त्यानंतर मी बँकेतून रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा नेम धरला. डबा खाता खाता भांडायचे. शेजारच्या काउंटरवालीला माझा तक्रार क्रमांक पाठ झाला होता. अखेर दिवाळीच्या तोंडावर, माझा आवाज ऐकायला लागू नये म्हणून असेल, त्यांनी एक माणूस पाठवला.

माणूस निफाडकडचा, वयानं माझ्याएवढा, बोलायला मोकळा. त्यानं टीव्ही उतरवला, सतरंजीवर पालथा घातला आणि खालची पट्टी उघडली. आत बोट फिरवलं. मग बोटाचं टोक आम्हाला दाखवलं. बोट लाल झालं होतं.

"कुंकू हे," तो म्हणाला. "पाण्याबरोबर आत उतरलंय. इथं खाली सगळी नाजूक जोडणी असती, ती गेली."

त्यानं आमच्या एकेकाकडे पाहिलं. पूजा त्याच्याही घरी होत असणार. आवाज खाली आणून म्हणाला, "पाणी लिवलं तर कंपनी काय देणार नाय. मुंग्यांनी बी असं होतं कधीकधी. लिहू का मुंग्या?"

"मुंग्याच होत्या," मी एका झटक्यात म्हटलं. इतके दिवस त्या लोकांनी मला नाचवलं होतं, मुंग्या काय, मी हत्ती म्हणून सांगितलं असतं. आणि दुसरं कारण म्हणजे, पाणी कुणाच्या हातून सांडलं ते मला तेव्हाच कळून चुकलं होतं. आईला माझ्याआधी कळलं असावं, कारण तीही लगेच पुढे झाली. "मी ओल्या फडक्यानं पुसलं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडूनच झालं असेल."

"पाणी लिहा," बाबा म्हणाले.

"अहो, पण..."

"पाणीच लिहा. पूजा करताना तांब्या कलंडला माझ्या हातून. काचेवरून सगळं खाली गेलं. मी उपरण्यानं पुसलं आणि गप्प बसलो." ते त्या माणसाशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडे. "ही रोज त्यांना सांगायची, पाणी लागलं नाही म्हणून. मला रोज वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं की पूजाही जाणार. म्हणून नाही सांगितलं. पण खोटं कारण लिहायचं नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही."

त्या परक्या माणसासमोर मला रडू आलं, आणि त्यानं बिचाऱ्यानं स्क्रूड्रायव्हर शोधत असल्याचं निमित्त केलं. मग पाणी लिहिलं, चहा घेतला आणि गेला. टीव्ही आम्ही रेघांसकट परत भिंतीवर चढवला.

संध्याकाळी बाबांनी देवघरातलं पूजेचं तबक मला दिलं. "पुढच्या वर्षीपासून तू कर."

मी म्हटलं, "काही नाही. तुम्हीच करायची. टीव्ही गेला तर गेला, फ्रिजही बुडवा."

"नापास झालेला भाग आम्ही परत बसवत नसू," ते म्हणाले.

"तुम्ही काय भाग आहात का?" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर डोकावून पाहिलं. तबक माझ्या हातात राहिलं. वर्षभरात मी तो विषय काढून पाहिला, लाडीगोडीनं पाहिला, रागावून पाहिला. ते बधले नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला पूजा मी केली. बाबा खुर्चीत बसून सांगत होते. पाणी आंब्याच्या पानानं शिंपड, तांब्या लांब ठेव. मिक्सरच्या बटणावर नको, बाजूला लाव. टीव्हीला लांबूनच फूल दाखव. मी सगळं ऐकत गेले, पण हात चालत होते आणि जीव लागत नव्हता. स्कूटरला माळ घालून वर आले आणि तबक खाली ठेवायला लागले, तेव्हा आईनं ते माझ्याकडून घेतलं.

"थांब," ती म्हणाली. "एक हत्यार राहिलंय."

मला वाटलं शिलाई मशीन. ते झालं होतं. ती बाबांच्या खुर्चीसमोर पाटावर बसली आणि तिनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"अगं, काय करतेस?" बाबा म्हणाले. हात ओढून घ्यायला लागले.

"पूजा. हलू नका."

हात हलतच होता. तिनं मनगट घट्ट धरलं, पंजाच्या पाठीवर हळद लावली, कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या त्या टिकल्या नाहीत, सगळ्या मांडीवर सांडल्या. तिनं वर झेंडूचं फूल ठेवलं, तेही पडलं, तिनं ते पुन्हा ठेवलं आणि आपल्या तळव्यानं दाबून धरलं. मग वाकून त्या हाताला नमस्कार केला.