गाळलेली एक ओळ

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. विम्याचं पत्र असो, टेलिफोन खात्याची नोटीस असो, वाचायचं मी. उज्जैनच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, म्हणून मला सगळं कळतं असा ताईचा पक्का समज होता, आणि तो दूर करण्याची तसदी मी कधी घेतली नाही. मी कागद आधी मनात वाचायचो, मग त्याला कात्री लावून, गोडगोड करून मराठीत सांगायचो. ऐकणारे खूश व्हायचे. त्या खुशीची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

ताई माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर शाळेतल्या नोकरीवर तिने एकटीने मुलगी वाढवली. ती वर्षं अशी होती की ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. भाचीही शिकली आणि पुण्याला एका नव्या कंपनीत लागली. दोनच महिन्यांत ताईच्या यकृतात गाठ निघाली. कॅन्सर होता. इंदूरला ऑपरेशन झालं, भाची रजा काढून आली, आणि कापलेल्या गाठीचा रिपोर्ट आणायला मी एकटा इंदूरला गेलो.

सर्जननी मला समोर बसवलं. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, तिथे कॅन्सर उरलेला नाही, म्हणाले. मग एका ओळीखाली पेन फिरवून म्हणाले, "ये नसों में घुस चुका था. लौट सकता है. घर पर आप ही समझा दीजिए, आप तो प्रोफेसर हैं." परतीच्या बसमध्ये मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की उज्जैनला नानाखेडा स्टँडवर उतरलो तेव्हा तोंडपाठ झाली होती.

ताईच्या घरी भाचीची बॅग भरून दाराशी ठेवलेली. ताई उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "सच सांग हं. काही राहिलं असेल तर मी पोरीला नोकरी सोडायला लावते, इथेच ठेवून घेते. नसेल तर जाऊ दे तिला."

यापेक्षा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. मी कागद उघडला आणि म्हणालो, "सगळं निघालं. कडा एकदम साफ आहेत." भाचीने तिथेच मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतलासुद्धा.

भाची गेली. टाके निघाल्यावर ताई रामघाटावर जाऊन क्षिप्रेची ओटी भरून आली, माझ्या एका वाक्याच्या भरवशावर. तीन महिन्यांनी तपासणीत काही दिसलं नाही, तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. संक्रांतीला भाचीला यायचं होतं. ताईने फोनवर सांगितलं, "नको येऊ, रजा वाचव. मामाने रिपोर्ट वाचलाय नं, मग टेंशन कशाचं?" मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

पुढे कितीतरी वर्षांनी मी कर्करोगाच्या मूळपेशींबद्दल वाचलं. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात म्हणे. त्यांत थोड्याशा अशा असतात की त्यांतल्या एकीपासूनही पुन्हा अख्खी गाठ उभी राहू शकते. त्या दबा धरून बसतात, औषधाला लवकर दाद देत नाहीत. यकृतात तर रक्तवाहिन्यांचं जाळंच. त्यांच्या भिंतीतून या पेशी आत शिरल्या की वाट मोकळी. हे वाचून पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं! म्हटलं, तेव्हा हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, मग माझा काय दोष? दोन दिवस मी या समाधानात काढले. तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. ताईने मला पेशींचं शास्त्र विचारलंच नव्हतं. तिने विचारलं होतं ते त्या कागदावर लिहिलेलं होतं.

त्या संक्रांतीनंतरच्या उन्हाळ्यात ताईची भूक गेली, कपडे ढगळ होऊ लागले. पुन्हा तपासण्या झाल्या आणि मी स्वतः फोन करून भाचीला बोलावून घेतलं. नवा रिपोर्ट आला तेव्हा सवयीने मी हात पुढे केला. ताईने तो भाचीच्या हातात दिला. "तू वाच. एक शब्द नको सोडू."

भाचीने वाचला. यकृतात दोन्हीकडे गाठी, फुप्फुसातही डाग. मग तिने कपाटातून जुना रिपोर्ट काढला आणि तोही पहिल्यापासून वाचू लागली. मी उठून बाहेर जाऊ शकलो असतो. बसून राहिलो. एका ओळीवर ती थांबली.

"आई, हे तेव्हाच रक्तवाहिनीत शिरलं होतं. इथे लिहिलंय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग?"

"तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "घाबरलेच असते रे," ती म्हणाली. "पण पोरीला जवळ बसवून घाबरले असते नं."

भाचीने नोकरी सोडली. ताई पुढे पाच आठवडे होती. मी रोज जायचो. ताई रोज माझ्यासाठी चहा टाकायला सांगायची, कॉलेजचं विचारायची, माझ्या गुडघ्याचं विचारायची. स्वतःच्या दुखण्याबद्दल तिने मला पुन्हा एक अक्षर विचारलं नाही.