तुमची पंगत नंतर

"थांब. तुमची पंगत नंतर."

माझा दंड धरला होता. घट्ट. भर चर्चमध्ये, वेदीकडे जायच्या वाटेवर. मी पंधरा वर्षांची. पांढरा ड्रेस, डोक्यावर पांढरी ओढणी. आदल्याच रविवारी माझं दृढीकरण झालं होतं, म्हणजे आता मोठ्यांसारखं प्रभुभोजन मलाही मिळणार होतं. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला एक घोट. त्या घोटासाठी वर्षभर वचनं पाठ केली होती मी. दृढीकरणाच्या क्लासमधल्या मैत्रिणी उठल्या, मीही उठले. एवढाच माझा गुन्हा.

दंड धरणारे चर्चचे सेक्रेटरी साहेब होते. मागून आई धावत आली. मला वाटलं, आता ही भांडणार. लालबागच्या चाळीत नळावर माझी आई कोणाच्या बापाला ऐकायची नाही. इथे तिने हात जोडले. "चुकलं साहेब. नवीन आहे ती. तिला माहीत नाही." आणि मला ओढत मागच्या बाकावर नेलं.

काय माहीत नव्हतं मला? सांगते. आमच्या चर्चमध्ये प्याला एकच. वेदीसमोरच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकायचे, पाळक साहेब एकेकाच्या ओठाला प्याला लावत जाणार. ती ओळ उठली की दुसरी येणार. त्या ओळीला सगळे पंगतच म्हणतात. पहिल्या पंगतीत गिरगाव-दादरची जुनी घराणी. सेक्रेटरी साहेबांचे आजोबा बामणाचे ख्रिस्ती झाले, हे आम्हाला दर वर्धापनदिनाला ऐकवतात. शेवटच्या पंगतीत आम्ही. चाळीतले, नगरकडून आलेले, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. असा नियम कुठे लिहिलेला नाही. कोणी तोंडाने बोलतही नाही. प्याला एक, त्याला आमचं तोंड आधी लागता कामा नये. बस.

माझे आजोबा गिरणीत होते. विणाईच्या खात्यात पगार बरा, पण तिथे त्यांना घेतलं नाही. कारण मागावरच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? आजोबा ख्रिस्ती होते, तरी महारच. ही गोष्ट आई हसत हसत सांगायची. गिरणीत तेच तोंड, चर्चमध्ये तेच तोंड. तिला हे कधी दिसलं नाही? की दिसलं आणि गिळलं?

त्या दिवशी मी चाळीच्या गॅलरीत बसून रडत होते. शेजारच्या कमलमावशीने विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. मावशी बौद्ध. तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर ती कोणाला शरमेने मान खाली घालू द्यायची नाही. तिने आईला हाक मारली. "काय गं, तुमचा येशू पण शेवटच्या पंगतीत बसतो काय?"

आईने धाडकन दार लावलं. कितीतरी दिवस मावशीशी बोलली नाही. मी विचारलं, "मावशी खोटं बोलली का?"

"येशूसाठी सोसायचं असतं," आई म्हणाली.

सोसायचं! सरकार म्हणतं, ख्रिस्ती झालात ना, मग तुम्हाला कसली जात, सवलत बंद. चर्च म्हणतं, ख्रिस्ती झालात ना, मग मागे बसा. आणि आम्ही सोसायचं.

मग सोडलं का नाही चर्च? कमलमावशीची मुलं अजून विचारतात. सोडलं नाही, कारण माझा विश्वास आहे. माझे पप्पा गेले तेव्हा मी ज्याला हाक मारली तो येशूच. तो काय सेक्रेटरी साहेबांच्या घरचा नोकर आहे, त्यांनी सांगितलं की त्यांनाच आधी वाढणारा?

पण बसले मात्र मागेच. आज लोअर परळच्या एका मोठ्या ऑफिसात मी एचआरमध्ये आहे. आठवडाभर लोकांना समान वागणुकीचं ट्रेनिंग देते. रविवारी जाऊन शेवटच्या पंगतीत गुडघे टेकते. लाज वाटायची. करोनात प्रत्येकाला वेगळा इवलासा कप आला. ज्याचा त्याने बाकावरच घ्यायचा, पंगतीच राहिल्या नाहीत. मला वाटलं, सुटलो एकदाचे. करोना गेला आणि पहिल्या बाकावरूनच ओरड झाली, वेगळे कप म्हणजे प्रभूच्या मेजाचा अपमान. प्याला परत आला. पंगतीही आल्या.

मग एकदा मीटिंग ठेवली. विषय, तरुण पिढी चर्चला का येत नाही. कोणी म्हणालं गिटार आणा, कोणी म्हणालं मोठा स्क्रीन लावा, एसी बसवा. मी हात वर केला. "आधी पंगती बंद करा." आता सेक्रेटरी आहेत ते त्याच साहेबांचे चिरंजीव. ते गोड हसले. "बाई, तुम्ही फार पर्सनल घेता. ती आपली बसायची सोय आहे."

घरी आल्यावर माझी मुलगी रूथ म्हणाली, "मम्मी, मला मागे बसून दृढीकरण नको. मी घरी प्रार्थना करीन. तुझा येशू मला आवडतो. तुझं चर्च नाही."

ती पंधराची. तिला मागे ओढलं असतं, तर आईने माझ्यापर्यंत आणलेला विश्वास माझ्या घरात माझ्याबरोबरच संपला असता. एवढं स्वच्छ कळलं मला. मी तिला म्हटलं, "दृढीकरण कर. मागे बसणार नाहीस. माझा शब्द."

नव्या सेक्रेटरी साहेबांना वास लागला असावा. रूथचं दृढीकरण झालं, आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन, आमच्या ख्रिस्ती नमस्काराने सुरू. "बाई, सलाम. या वेळी असं ठरलंय की मुलांनी पहिलं प्रभुभोजन आपापल्या कुटुंबाबरोबर घ्यावं. छान वाटतं ना?" वा! म्हणजे क्लासची बाकीची मुलं पुढे, आणि रूथ आमच्याबरोबर शेवटी. डोकं लागतं याला.

रविवारी पहिली पंगत बाकांवरून उठून पुढे निघाली. मी रूथचा हात धरून उठले. आईने माझा पदर धरला. "नको गं. देवाच्या घरात तमाशा नको." मी तिची बोटं सोडवली. वाईट वाटलं, पण सोडवली.

कठड्यापाशी साहेब आडवे आले. "बाई, प्लीज. थोड्या वेळाने."

"का?"

"ठरलंय ना आपलं, कुटुंबाबरोबर."

"हे माझं कुटुंब. सरका." मी मोठ्याने बोलले. मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणूनच.

आम्ही गुडघे टेकले. माझ्या शेजारी साहेबांच्या मिसेस होत्या. त्या उठल्या. मग त्यांच्यापलीकडची बाई उठली. सिल्कच्या साड्या सळसळत परत गेल्या. पाळक साहेब प्याला घेऊन उभे, डोळे मात्र सेक्रेटरींकडे.

"पाळक साहेब, त्यांच्याकडे काय बघता? माझी मुलगी अपात्र असेल तर तसं सगळ्या मंडळीसमोर बोला."

त्यांनी सेक्रेटरींवरची नजर काढली. प्याला पुढे आला. रूथ प्याली. मी प्याले. आई नेहमीसारखी शेवटच्या पंगतीत गेली.

निघताना चर्चच्या दारात कोणी नेहमीसारखा सलाम केला नाही. संध्याकाळी चर्चच्या ग्रुपवर मेसेज आला. आरोग्याचा विचार करून पुढच्या प्रभुभोजनापासून प्रत्येकाला वेगळा कप देण्याचा कमिटीचा विचार आहे. खाली चाळीसेक जोडलेले हात, अंगठे-बिंगठे. ज्यांना काल वेगळे कप पाप वाटत होते त्यांना आज आरोग्य आठवलं. रूथने वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी त्याच ग्रुपवर उत्तर लिहिलं. पाळक साहेबांनाही, सेक्रेटरी साहेबांनाही, सगळ्यांसमोर. वेगळा कप आम्ही घेणार नाही. मी नाही, माझी मुलगी नाही. आम्ही पहिल्या पंगतीत बसणार आणि त्याच एका प्याल्यातून पिणार. आमचं तोंड लागल्यावर ज्याला प्यायचं असेल त्याने प्यावं. ज्याला नको असेल त्याने उठून चर्चच्या बाहेर जावं. आम्ही जाणार नाही.