गळ्याचं पाकीट

जामनेरच्या स्टँडजवळच्या टपरीवर सिगारेट नुसती कोणी मागत नाही, चित्र सांगून मागतं. सरकार पाकिटावरचं चित्र बदलतं तेव्हा काही दिवस जुना आणि नवा माल एकत्र असतो. मग आमच्याकडे लोक वांगी निवडावीत तशी पाकिटं उलटीपालटी करून निवडतात. कोणाला सडलेलं तोंड बघवत नाही, कोणाला भोक पडलेला गळा. सोडत मात्र कोणीच नाही. मीही नाही.

नानांचं निवडणं वेगळं होतं. मूळचे धुळ्याकडचे नाना इथल्या लग्नाच्या बँडात गायचे. निळा कोट, गाडीवरचा माइक आणि अहिराणी गाणी. त्यांनी तान घेतली की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याही कंबर हलवायच्या. त्यांचा ठाम विश्वास होता की पाकिटावर ज्याचं चित्र, तोच आजार आतल्या सिगारेटीत. औषधाच्या बाटलीवर खोकला लिहिलेलं असलं तर आत खोकल्याचंच औषध असतं ना, असं ते विचारायचे.

"माले गळानं नको दिऊ, चाचा," ते टपरीवाल्याला बजावायचे. "मन्हं पोट गळावर शे. फुप्फुसाचं दे."

"नाना, फुप्फुस गेलं तर गाणार कशानं? पेटीलाही भाता लागतो."

"भाते दोन असतात. एक गेला तर एक आहे."

त्या वर्षी त्यांचा आवाज सकाळी बसायला लागला होता. दुपारपर्यंत सुटायचा. आम्ही म्हणायचो, सीझनचा ताण. बँडच्या मालकाने मात्र एका पोरसवदा गायकाची चाचणी घेतल्याचं नानांच्या कानावर आलं होतं. त्यामुळे ते गळ्याच्या पाकिटाला हातसुद्धा लावत नसत.

आता माझ्यासारख्या माणसाच्या हातात एवढं आयतं कोलीत कोणी देतं का?

पहूरला माझ्या भाच्याचं लग्न होतं, बँड नानांचाच. कोट चढवताना नानांनी पाकीट माझ्याकडे धरायला दिलं. मी मांडवामागे गेलो, त्यांच्या सिगारेटी माझ्या खिशात घातल्या आणि गळ्याचं चित्र असलेल्या माझ्या पाकिटातल्या त्यांच्या पाकिटात भरल्या. किती सफाईने म्हणून सांगू. सुनेला दागिने घालणाऱ्या सासूचे हातही इतके हळुवार नसतील. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघेपर्यंत नानांनी तीन ओढल्या. घोडं पारासमोर थांबलं तेव्हा मी गाडीजवळ गेलो आणि माझं रिकामं पाकीट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"नाना, सकाळपासून ओढताय ते यातलं."

ते हसले. मग त्यांनी गळ्याला हात लावला. पुढच्या गाण्याच्या अंतऱ्याला आवाज फाटला. एकदा, पुन्हा एकदा, आणि तिसऱ्यांदा निघालाच नाही. क्लॅरिनेटवाल्याने कसंबसं गाणं ओढून नेलं. वऱ्हाडी शिट्ट्या मारत होते. मालकाने गाडीवर चढून माइक काढून घेतला. मी पाराला टेकून पोट धरून हसत होतो. खोटं कशाला बोलू, इतकं मनापासून मी पुढे बरेच दिवस हसलो नाही.

पंधरा दिवसांनीही आवाज आला नाही, तेव्हा मीच त्यांना जळगावला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांना वेड्यात काढतील आणि मला ते ऐकायला मिळेल, एवढाच हेतू. डॉक्टरांनी नळी घालून बराच वेळ पाहिलं. गाठ होती. आजची नाही, म्हणाले.

"किती वर्षं ओढता?"

"तशी पंचवीस," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण गळ्याची एकच दिवस. तीन सिगारेटी. यांनी पाजल्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं दिवसाला दीड पाकीट, हे मी त्यांना नीट सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. नाना माझ्याकडेच बघत होते.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाणं गेलं. माइक त्या पोरसवद्याकडे गेला. मालकाला दया आली म्हणून नाना आता त्याच निळ्या कोटात बँडपुढे गर्दी बाजूला सारत चालतात. पंचवीस वर्षांच्या सिगारेटींना त्यांनी कधीच माफ केलंय. मला नाही.

परवा एका वरातीत त्यांनी मला पाहिलं आणि सोबतच्या वऱ्हाड्यांना माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजले, "हाऊच तो."

चार-पाच जण माझ्याभोवती जमले. मला वाटलं, शिव्या देतील. एकाने अदबीने विचारलं, "भाऊ, ते नेमकं कोणतं चित्र होतं?"

मी सांगितलं. सगळ्यांनी खिशातून आपापली पाकिटं काढून पाहिली. कोणाचंच ते नव्हतं. मग निश्चिंतपणे सगळ्यांनी पेटवल्या आणि एक माझ्यापुढेही धरली. मी घेतली. नाना समोरून बघत होते.