काळा दाणा

मॅलकी टार्पी मठात गेला तेव्हा त्याच्या आईचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरातला एक मुलगा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला की त्या आयरिश खेड्यात सात पिढ्यांचा उद्धार झाल्यासारखंच. मॅलकीने आपली जमीन भावाच्या, डेक्लनच्या नावे करून दिली आणि तपकिरी झगा चढवून तो उमेदवारीच्या वर्षाला लागला.

वर्षभर त्याने पडेल ते केलं. बटाटे खणले, जिने घासले, आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या फादर अल्टनचं सगळं काढलं. म्हातारा महातिरसट, दुसऱ्या कुणाच्या हातचा घास गिळत नसे. इथेच आपल्याला देव भेटतो असं मॅलकीला वाटायचं. भोळाच होता तो.

वर्ष संपलं की मठातले सगळे कौल देत. पिशवी फिरायची. प्रत्येकाने त्यात घेवड्याचा एक दाणा टाकायचा; पांढरे जास्त निघाले तर उमेदवाराने शपथ घ्यायची, काळे जास्त निघाले तर घरी जायचं. कोणी काय टाकलं हे विचारायची रीत नव्हती. अल्टनसाठी पिशवी खाटेपाशी नेली. एक काळा दाणा जास्त निघाला.

मठाधिपतींनी झगा काढून घेतला आणि स्वयंपाकघरात गडी म्हणून राहायचं तर राहा, म्हणाले. मठातून परतलेल्याला त्या मुलखात ‘नासका पाद्री’ म्हणतात. आईचा निरोप आला, की येणारच असशील तर दिवसाउजेडी येऊ नकोस. मॅलकी राहिला.

दुसऱ्या दिवशी तो अल्टनची दाढी करत होता. एक गाल झाला होता.

“काळा मी टाकला,” म्हातारा म्हणाला. “शपथ झाली असती तर तुला शिकायला डब्लिनला धाडलं असतं. मग माझी कूस कोण बदलणार? हे बाकीचे? त्यांना स्वतःच्या चपलेचा बंद बांधता येत नाही.”

वस्तरा थांबला.

“तोंडावर सांगताय, फादर?”

“मग काय पाठीमागे सांगू? रागावलास?”

“मान वर करा,” मॅलकी म्हणाला, आणि त्याने दुसरा गाल केला.

अल्टन त्यानंतर बरीच वर्षं जगला. असली माणसं जगतातच. मॅलकीने त्याला शेवटपर्यंत भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं, पण त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. लोक म्हणत, काय संत माणूस. संत कसला, त्याला जायला दुसरं दारच उरलं नव्हतं.

मॅलकी मेला तेव्हा डेक्लनने दुकानातून झगा आणला. तिकडे मेलेल्या प्रत्येकाला तो घालतात, दारुड्यालासुद्धा. तपकिरीच होता. पाठीकडून मात्र त्याला कापड नव्हतं. पेटीत निजवलेल्या माणसाला लोक पुढूनच बघतात.