हसलो की गुडघे जायचे

अफगाणिस्तानला जाण्याआधी ब्रिटिश फौजेतली आमची प्लाटून वेल्समधल्या फायरिंग रेंजवर सरावाला होती. मी लंडनच्या हॅरोत वाढलेला, हुद्द्याने लान्स कॉर्पोरल. जोडीदार मिक. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याच्या विनोदांवर हसलो की माझे गुडघे जायचे. दिवसा झोपही अनावर व्हायची. सगळे म्हणायचे, थकवा.

सुट्टीत घरी असाच पडलो, तेव्हा आईला फिट वाटली. तिने नाकाला कांदा लावला. मी पूर्ण शुद्धीवर होतो, कांदा तर चांगलाच कळत होता, पण "आई, पुरे" म्हणायला जीभ हलेना. मिनिटभराने आपोआप उठलो. घरात श्रेय अजून कांद्यालाच मिळतं.

सुट्टीनंतर एका सकाळी रेंजवर फायरिंग चालू होतं. मी उभ्याने नेम धरलेला, रायफल भरलेली. शेजारच्या लेनमधून मिक सार्जंटच्या चालीबद्दल काहीतरी पुटपुटला. मला हसू फुटलं. मान लटकली, हात सैल झाले, मी कोसळलो. नळी मिककडे वळली.

"स्टॉप! स्टॉप!" सार्जंट ओरडला.

गोळी सुटली नाही. मिकने रायफल ओढून घेतली. मी चिखलात पडून सगळं ऐकत होतो. याला मी आत्ता मारलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं: नार्कोलेप्सी, म्हणजे अनावर झोपेचा आजार, आणि तिच्यासोबत येणारी कॅटाप्लेक्सी. स्वप्न पडताना प्रत्येकाचे स्नायू सैल पडतात. माझे जागेपणी, हसल्यावर पडायचे. औषध होतं, पण हत्यार कायमचं बंद. फौज सुटली. मी खूप रडलो.

अफगाणिस्तानला निघण्याआधी मिक हॅरोला भेटायला आला. नुसत्या हवापाण्याच्या गप्पा.

"एखादा जोक तरी मार," मी म्हटलं.

"नको. पडशील."

त्याचा तो गंभीर चेहरा मला सोसवेना.

तो शवपेटीतून परत आला. मला खांदा द्यायचा होता. सार्जंट नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये मिकची आई त्याच्या उचापती सांगू लागली. लोक रडता रडता हसायला लागले. मी दात आवळून दाराकडे वळलो. दोन्ही बाजूंनी माझे दंड कुणीतरी धरले. एकीकडे सार्जंट होता, दुसरीकडे प्लाटूनमधला एक जण.

"कुठे चाललास?"

"सार्जंट, मी पडेन."

"आम्ही धरलंय. हस."

मी हसलो. गुडघे गेले, मान छातीवर पडली. दोघांनी मला तसंच उभं धरून ठेवलं, आणि मिकच्या सगळ्या गोष्टी मी शेवटपर्यंत ऐकल्या.