कपाटातली मूळ प्रमाणपत्रं

अकोल्याच्या त्या खासगी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी त्यांनी माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. दहावीपासून नर्सिंगच्या नोंदणीपर्यंत सगळी. नर्सनं मध्येच सोडून जाऊ नये म्हणून आमच्याकडे ही पद्धतच आहे आणि तिला कोणी चोरी म्हणत नाही. मीही शहाणी, फाइल नीट लावून स्वतःच्या हातानं दिली.

सहा वर्षांनी जर्मनीतल्या एका रुग्णालयानं माझी निवड केली. ड्यूटी सांभाळून मी भाषेची परीक्षा पास झाले होते. आता व्हिसासाठी मुंबईला मूळ कागद दाखवायचे होते. मिळालेली तारीख चुकली असती तर नोकरी गेली असती. मी दोन महिने आधी रीतसर राजीनामा दिला आणि कागद मागितले. दवाखाना ज्यांचा होता त्या डॉक्टरांची बायको ऑफिस बघायची. ती म्हणाली, "एवढी घाई काहून करून राहिली? दुसरी सिस्टर भेटू दे, मंग नेजो." दुसरी सिस्टर शोधत होतं कोण! डॉक्टर तर भाषणच द्यायचे: आपली माणसं सोडून तुम्ही मुली गोऱ्यांची सेवा करायला निघालात. वीस पेशंटमागे एकटीला उभं करणाऱ्या माणसानं मला सेवा शिकवावी! तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडातून मात्र "हो सर" एवढंच निघायचं.

तारखेला चार दिवस उरले तेव्हा मी फोनवर आईजवळ रडले. दुसऱ्या दिवशी ती गावाहून, चांदूर रेल्वेहून, सकाळच्या गाडीनं आली आणि मला न सांगता नंबर लावून पेशंटमध्ये बसली. तिची पाळी आली तेव्हा मी डॉक्टरांच्या शेजारीच उभी होते.

"काय त्रास आहे, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले काई त्रास नाई. माह्या पोरीचे कागद तुमच्या कपाटात हायेत, तेवढे द्या. नाई तं मी उठत नाई."

दार उघडं होतं. बाहेरची माणसं माना वाकवून बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, "देऊन टाका ना साहेब, पोरीचे कागद काहून ठेवता?" पाच मिनिटांत फाइल आली. आईनं एकेक कागद माझ्याकडून तपासून घेतला.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा डॉक्टरांनी मागून हाक मारली. माफी मागतील असं वाटलं मला, खरंच वाटलं.

"सिस्टर, उद्या सकाळी येशील ना? आयसीयूत कोणी नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. आत आयसीयूत एक बाई व्हेंटिलेटरवर होती. तिला सोडून मी जाणार नाही, हे त्या माणसाला सहा वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी ड्यूटीवर हजर होते.