इंचभर जास्तीचं

टेलर मास्टरांनी कापडाला कात्री लावली की बघत राहावं असा त्यांचा हात. पण लांब झग्याची खालची दुमड आखायची म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावं लागतं, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथेच. बसणं कसंबसं जमायचं. उठताना मात्र टेबल, खुर्ची, जे हाताला लागेल ते धरावं लागे. एकदा एका गृहस्थांची बाहीच धरली. कोट कच्च्या टाक्यांवर होता, बाही मास्टरांच्या हातात आली.

दुकानात अर्धी भागी असलेल्या धाकट्या भावाने त्याच दिवशी बजावलं, की महिन्याभरात दादाला नीट उठबस जमली तर ठीक, नाहीतर खालच्या कामाला दुसरा कारागीर ठेवायचा आणि दादाने बटणं लावत बसायचं. चाळीस वर्षं कापड बेतणाऱ्या माणसाने बटणं लावायची! मास्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंनी गुडघ्यांसाठी व्यायाम लिहून दिले: खुर्चीवर बसून उठणं दहा वेळा, बसल्या बसल्या पाय सरळ करणं दहा वेळा, टाचा उचलणं दहा वेळा. खुर्चीच्या उंचीपेक्षा खाली जायचं नाही, हेही लिहिलं होतं. पण खोड ती खोड. माप काहीही असो, शिवणीसाठी इंचभर जास्तीचं सोडल्याशिवाय या माणसाची कात्री कधी चाललेली नाही. मास्टरांनी दहाचे बारा केले, खुर्ची बाजूला सारली आणि आणखी खाली गेले. आठव्या दिवशी गुडघा टम्म फुगला.

असं कसं झालं, बाईंनी विचारलं. मास्टर गंभीरपणे म्हणाले, "थोडं मार्जिन सोडलं होतं."

बाईंना आधी हसू आवरेना, मग त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. कापड नंतर उसवून सैल करता येतं, गुडघा नाही, म्हणाल्या. चार दिवस सक्तीची विश्रांती मिळाली.

मग सूत्रं बायकोने हातात घेतली. या माणसाकडे आकडेच सोपवायचे नाहीत, हे तिने पहिल्यांदा ठरवलं. खुर्चीवर तिने जाड सुटिंगच्या पाच घड्या रचल्या, म्हणजे मास्टर अर्ध्यातच टेकतील. तीन-चार दिवसांनी एक घडी काढायची. पाय सरळ करताना वजन हवं म्हणून जुनी मोठी कात्री कापडात गुंडाळून घोट्याला बांधली. टाचा उचलायच्या त्या इस्त्रीच्या टेबलाला धरून. मोजायची ती स्वतः, आणि दहाला "पुरे" म्हणायची. एकदा मास्टर न्हाणीघरात चोरून अकरावी उठबस करत होते. स्वतःशीच मोठ्याने मोजल्यामुळे पकडले गेले. पुढच्या घडीची मुदत दोन दिवसांनी लांबली.

महिना संपायला एक दिवस उरला असताना एक गायिका आली. दुसऱ्या दिवशी तिचा कार्यक्रम होता आणि झगा पायात येत होता. भाऊ तिला कापायच्या टेबलावर उभं करायच्या बेतात होता, तेवढ्यात मास्टरांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि एक गुडघा जमिनीला टेकवला. सरकत सरकत त्यांनी पुरा घेर आखला. मग एक पाय पुढे रोवला, श्वास घेतला आणि कशालाही हात न लावता उठले. आनंदाने त्यांना अगदी ओरडावंसं वाटत होतं, पण तोंडात टाचण्या होत्या.

गायिका गेल्यावर मास्टर महिनाभर साठवलेले टोमणे सोडणार होते. पण भाऊ मान वर करेना. स्वच्छ असलेली कात्रीच पुसत बसला होता.

"दादा, मलाच वर्षभर खाली बसता येत नाहीये," तो म्हणाला. "तू थांबला असतास तर खालच्या कामाला आपल्या दोघांतलं कुणीच उरलं नसतं, म्हणून कारागिराची धमकी दिली. सांगायची लाज वाटली."

तेव्हा कुठे मास्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. 'दादा, तुझाच हात सफाईदार' असं म्हणत वर्षभर प्रत्येक दुमड भाऊ त्यांच्याकडेच ढकलत होता, आणि ते स्तुतीने फुगत होते. टोमणे त्यांनी गिळून टाकले. धाकट्याचा चेहरा बघून त्यांना फार वाईट वाटलं.

"उद्या सकाळी घरी ये," ते म्हणाले. "वहिनी मोजेल. आणि ती पुरे म्हणाली की थांब, माझं ऐकू नकोस."